विसराळू बैल आणि बारा मोटांची विहीर : चित्रकथेच्या खेळातून भाषा



जुलैच्या पालकसभेत मी अगदी ठासून सांगितलं होतं, "मुलांच्या हातातला मोबाइल काढून घ्या. गेम तर बंदच करा." सगळ्यांनी माना डोलावल्या. डिसेंबरात चौथीच्या एका मुलाचे वडील शाळेत आले. दारातूनच त्यांना दिसलं की वर्गातल्या टीव्हीवर एक पत्र्याचा रोबो चालतोय आणि पोरं त्याच्याकडं बघून ओरडतायत. ते म्हणाले, "बाई, तुम्हीच सांगितलं गेम बंद करा, आन् आता तुम्हीच लावून देताय व्हय?"

प्रश्न रास्त होता. मी तेव्हा काहीतरी "हा शैक्षणिक आहे" असं बोलून वेळ मारून नेली. पण "शैक्षणिक" हा शब्द आपण कशालाही चिकटवतो, हे त्यांनाही माहीत आणि मलाही. त्यांना नीट उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आज इथं लिहिते. थोडं लांबेल, पण वाचा.

आधी हा खेळ कोणत्या जातीचा, ते सांगते. याला अ‍ॅडव्हेंचर गेम म्हणतात. नाव ऐकून धावणं, गोळ्या, गाड्या असलं काही डोळ्यांसमोर येईल, पण तसं यात काही नसतं. पडद्यावर एक चित्र असतं, चित्रकथेतल्या एखाद्या चौकटीसारखं. त्यात एक पात्र उभं असतं आणि त्याची काहीतरी अडचण झालेली असते. दार बंद आहे, पूल वर उचललाय, कुत्रा वाट अडवून बसलाय. आपण चित्रातल्या वस्तूंवर टिचकी मारायची, काही उचलून पिशवीत ठेवायचं, कुणाशी बोलायचं, एक वस्तू दुसरीला लावून बघायची. अडचण सुटली की पुढची चौकट. घड्याळ नाही, गुण नाहीत, नाणी नाहीत. घाई केली तर काहीच मिळत नाही. आणि गोष्ट संपली की खेळ संपतो.

हा प्रकार जुना आहे. सुरुवातीला तर चित्रंही नव्हती, नुसता मजकूर वाचायचा आणि आज्ञा टाइप करायच्या. मग १९८४ साली 'किंग्ज क्वेस्ट' आला, त्यात चालतं-फिरतं चित्र होतं, पण आज्ञा टाइपच करायला लागायच्या. १९८७ साली लुकासफिल्म कंपनीनं 'मॅनियॅक मॅन्शन' काढला. त्यात पडद्याच्या खालच्या बाजूला शब्दांची यादीच दिली : उघड, ढकल, ओढ, दे, घे, वाच, वापर. आधी शब्दावर टिचकी, मग वस्तूवर. म्हणजे काय झालं बघा, वर चित्र आणि खाली क्रियापदांचा तक्ता! आपण दुसरीच्या वर्गात भिंतीवर लावतो तसाच. अमेरिकेतल्या गेम करणाऱ्यांना मराठी व्याकरण शिकवायचं नव्हतं, पण आपल्या कामाचं त्यांनी आयतं करून ठेवलंय.

१९९० साली त्याच कंपनीचा 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' आला. तो रॉन गिल्बर्ट या माणसानं रचला. या गिल्बर्टनं त्याच्या आदल्याच वर्षी, १९८९ मध्ये, अशा खेळांत काय चुकतं यावर एक लेख लिहिला होता. त्याचं एक म्हणणं असं होतं की खेळणाऱ्याला शिकवण्यासाठी त्याला मारून टाकू नका. तोवरच्या खेळांत एक पाऊल चुकलं की पात्र मरायचं आणि सगळं पहिल्यापासून. मंकी आयलंडमध्ये जवळजवळ मरताच येत नाही. एकच गंमत ठेवलीय. त्यातला नायक सांगत असतो की मी दहा मिनिटं श्वास रोखू शकतो. त्याला पाण्याखाली खरोखर दहा मिनिटं ताटकळत ठेवलं, तर मात्र तो मरतो!

हे वाचल्यावर मला आपल्या वर्गातलं फळ्यापुढचं वाचन आठवलं. मूल अडखळलं की बाकीची हसतात, मी "खाली बस" म्हणते, आणि त्या मुलासाठी खेळ तिथंच संपतो. मीही वर्षानुवर्षं हेच केलंय.

या खेळांत चूक झाली की काय होतं? पात्र काहीतरी मजेशीर बोलतं. कोंबडी कुलपाला लावून बघितली तर ते म्हणणार, "कोंबडीला पटत नाहीये." चुकीचं उत्तर दिलं तरी मुलाला वाचायला एक नवं वाक्य मिळतं, तेही विनोदी. मग मुलं मुद्दाम चुकीचं करून बघतात, आणि जितकं चुकतात तितकं जास्त वाचतात. या सगळ्या प्रकारातली माझ्या मते सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच आहे, कोडी वगैरे नंतर.

आता माझी फजिती ऐका. मी आधी ठरवलं की फुकटात मिळेल तेच आणायचं. 'बिनीथ अ स्टील स्काय' नावाचा १९९४ चा गेम त्याच्या कंपनीनं २००३ मध्ये मोफत करून टाकलाय. 'वॉचमेन' ही गाजलेली चित्रकथा काढणारे डेव्ह गिबन्स यांनी त्याची चित्रं केलीत, सुरुवातच चित्रकथेच्या पानांनी होते. मी घरी पहिली काही मिनिटं बघितली, रोबो विनोदी वाटला, पेनड्राइव्हवर टाकून शाळेत नेला. पण सगळं इंग्रजी. त्यातून सुरुवातीलाच हाणामारी, माणसं मरतात. मी पडद्यापुढं उभी राहून प्रत्येक ओळ मराठीत सांगत बसले. अर्ध्या तासानं बघते तर मागची चार पोरं पट्टीनं एकमेकांना टोचतायत. खरं सांगायचं तर चूक गेमची नव्हती. तो मोठ्यांसाठी आहे, आणि मी तो पुरता न बघताच वर्गात नेला होता. शिवाय बोलत होते मी एकटीच, म्हणजे नेहमीचाच तास झाला, फक्त टीव्हीवर.

मग माझ्या एका मैत्रिणीनं 'मशिनेरियम' सुचवला. चेक देशातल्या अमानिता डिझाइन या छोट्या कंपनीनं तो २००९ मध्ये काढला. हा विकत घ्यावा लागतो, पण एकदाच. मध्ये जाहिराती येत नाहीत. हातानं काढल्यासारखी जुनाट चित्रं, गंजलेले पाइप, वाकडी घरं आणि एक हडकुळा रोबो, ज्याला कुणीतरी भंगारात फेकून दिलंय. आणि आपल्या दृष्टीनं मोलाची गोष्ट म्हणजे त्यात संवाद नाहीतच! पात्रं बोलतात ती डोक्यावरच्या फुग्यात, आणि फुग्यात अक्षरं नसून हलती चित्रं असतात. चित्रकथेतल्यासारखाच फुगा, फक्त आतली भाषा रिकामी.

ती भाषा माझ्या पोरांनी भरली.

सुरुवातीच्या एका प्रसंगात रोबोला शहरात शिरायचंय, पण पूल वर उचललेला आहे आणि पलीकडं पहारेकरी. पहारेकऱ्याला फक्त आपल्यातलाच शिपाई चालतो. मग रस्त्यावरचा एक शंकू घ्यायचा, तो निळ्या रंगात बुडवायचा, वर दिवा लावायचा, आणि ती टोपी घालून शिपायाचं सोंग करायचं. हे सुटायला आमच्या वर्गाला तीन दिवस लागले. रोज परिपाठानंतर पंधरा मिनिटं. माझा नियम एकच : नुसतं "ते... ते... तिकडं" म्हटलं तर मी टिचकी मारणार नाही. पूर्ण वाक्य पाहिजे. काय घ्यायचं, कुठून घ्यायचं, कशाला लावायचं.

याचा परिणाम मला अनपेक्षित होता. "त्याला वर घ्या" म्हटल्यावर मी विचारायची, कुणाला? कशाच्या वर? मग "दिवा शंकूच्या टोकावर लावा." एका वाक्यात दोन विभक्त्या, आणि मी व्याकरणाचं पुस्तक उघडलेलंही नाही.

ज्यांचे वडील दारात आले होते, तो मुलगा तिसऱ्या बाकावर बसतो. वाचन मागे. जोडाक्षर आलं की थांबतो आणि माझ्या तोंडाकडं बघतो. वर्गात स्वतःहून बोललेला मला आठवत नाही. गेममध्ये एके ठिकाणी रोबो नुसता बसून राहतो आणि त्याच्या डोक्यावर फुगा येतो, त्यात जुने प्रसंग दिसतात. मी विचारलं, हे काय चाललंय? कुणाला सांगता येईना. हा मागून म्हणाला, "बाई, त्येला आठवतंय. त्यो लहान हुता तवाचं." पुढं कुणी न विचारता त्यानं सगळा प्रसंग सांगितला, आठ-दहा वाक्यांत. मी मध्ये बोलले नाही. बोलीभाषा दुरुस्त केली नाही. प्रमाणभाषेला वर्ष पडलंय.

पालकहो, इथं एक सांगायला हवं. हाच गेम मूल एकटं, मोबाइलवर, कोपऱ्यात बसून खेळलं तर यातलं फारसं काही घडणार नाही. अडकलं की ते यूट्यूबवर उत्तर शोधेल, दोन मिनिटांत पुढं जाईल, आणि एक शब्दही बोलणार नाही. या खेळाचा सगळा जीव अडकण्यात आहे. रात्री जेवताना "त्या पुलाचं काय करायचं?" हा विषय निघाला पाहिजे. आमच्याकडं निघत होता. दुसऱ्या दिवशी एक मुलगी येऊन सांगायची, "माझी आई म्हणाली, पहारेकऱ्याला भाकरी देऊन बघा." गेममध्ये भाकरी नाही. पण आईनं डोकं घातलं होतं!

मशिनेरियममध्ये इशाऱ्याची सोयसुद्धा विचारपूर्वक केलीय. दिव्याच्या चित्रावर टिचकी मारली की त्या चौकटीपुरता एक इशारा मिळतो. पूर्ण उत्तराचं पुस्तकही आहे, चित्रकथेच्या रूपात, पण त्याला कुलूप आहे आणि ते उघडायला आधी एक कंटाळवाणा छोटा खेळ खेळावा लागतो. आपल्या बाजारातल्या गाइडांना असं कुलूप असतं तर!

जानेवारीत आमची क्षेत्रभेट लिंबला होती. मी मूळची सांगली जिल्ह्यातली, वाळवा तालुक्यातली, आणि नोकरी सातारा जिल्ह्यात. त्यामुळं लिंबची बारा मोटांची विहीर मीही तोवर फक्त फोटोत पाहिलेली. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते : साताऱ्याच्या उत्तरेला, पुण्याच्या वाटेवर, महामार्गापासून जवळच लिंब गाव आहे. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधून घेतली, १७१९ ते १७२४ या काळात. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. वरून पाहिलं तर आकार अष्टकोनी, शिवलिंगासारखा. खाली उतरायला राजवाड्याच्या जिन्यासारख्या पायऱ्या, भिंतीत वाटा, आणि विहिरीवरच छोटा महाल. आमराईला पाणी द्यायला म्हणून केलेलं हे काम, पण बघताना किल्ल्यात आल्यासारखं वाटतं.

पोरं आत शिरली आणि एकजण ओरडला, "बाई, ही तर गेमच हाय!"

परत येताना गाडीतच ठरलं की आपला गेम करायचा. मी म्हटलं, नायक कोण? मावळा, राजा, परी असं सगळं येऊन गेलं. शेवटी एका मुलीनं सुचवलं ते बहुमतानं पास झालं : एक विसराळू बैल. दुपारच्या सुट्टीत झोपला, उठून बघतो तर मोटेचा नाडा गायब. नाडा सापडल्याशिवाय संध्याकाळचं पाणी निघणार नाही आणि आमराई वाळेल.

लगेच वाद. बैलाला हात नाहीत, मग तो वस्तू उचलणार कशा? पूर्ण एक तास यावर गेला आणि मी तो जाऊ दिला. तोडगा निघाला तो असा, की डाव्या शिंगाला पिशवी अडकवायची, आणि पिशवीत एका वेळी तीनच वस्तू मावतील. खऱ्या गेम करणाऱ्यांनाही हेच प्रश्न पडत असणार.

दुसरी अडचण माझ्या लक्षात आली नव्हती, ती मुलांनी दाखवली. मोट म्हणजे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मोटार गेली तर वायरमनला बोलवायचं, एवढंच माहीत. मी पुस्तकातलं चित्र दाखवलं, पण गेमसाठी प्रत्येक भागाचं नाव पाहिजे होतं. मग गृहपाठ दिला, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून या. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलानं वही आणली. आजोबांनी सांगितलेलं त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं : नाडा म्हणजे मोट ओढायचा जाड दोर, सोंदूर म्हणजे मोटेची सोंड सांभाळणारा बारीक दोर, धाव म्हणजे बैलांची उताराची वाट, थारोळं म्हणजे जिथं मोट रिकामी होते ते. 'थारोळं' लिहिताना तीनदा खोडलं होतं. पण माझ्या तोंडाकडं न बघता त्यानं ते वर्गापुढं वाचलं, कारण त्या शब्दांचा अर्थ वर्गात दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हता. मलाही 'सोंदूर' माहीत नव्हता. तसं मी सांगितलं.

आता करायचं कसं, ते सांगते. आम्ही आधी कागदावर केला आणि तुम्हीही तसंच करा असा माझा आग्रह आहे. आठ कार्डशीट, प्रत्येकावर एक प्रसंग. उघडणाऱ्या गोष्टी, म्हणजे दार, पेटी, झुडूप, यांना कागदाची झडप चिकटवायची, खाली काय दडलंय ते काढायचं. वस्तूंची छोटी कार्डं वेगळी. एक मूल खेळवणारं, त्याच्याकडं उत्तरांची वही. बाकीचे आज्ञा देणार, पण तोंडी नाही, चिठ्ठीवर लिहून. पाटीवर लिहिली तरी चालेल.

इथं भाषेचं खरं काम होतं. पहिली चिठ्ठी आली, "चावी कुलूपला लाव." खेळवणाऱ्या मुलीनं वहीत बघितलं आणि म्हणाली, "कुलूपला असं काही इथं नाहीये." आम्ही ठरवलंच होतं, की शब्द बरोबर असेल तरच दार उघडणार. मग खलबत झालं. कुलपाला! कुलूप, पण कुलपाला. विहीर, पण विहिरीत. फूल, पण फुलाला. विहीर लिहिताना ही दीर्घ आणि विहिरीत लिहिताना हि ऱ्हस्व का, हे मी दरवर्षी फळ्यावर सांगते आणि दरवर्षी ते विसरलं जातं. यंदा बैल तीन वेळा दारात अडकला, तेव्हा ते लक्षात राहिलं. "नाडा मोटेला बांध" आणि "मोट नाड्याला बांध" यांत फरक काय, यावर तर दोन गट पडले. मी अजून निकाल दिलेला नाही.

चुकीच्या आज्ञांची उत्तरं मुलांनीच लिहिली, आणि ती लिहायला सगळ्यांत जास्त मजा आली. "थारोळ्यात झोप" असं कुणी लिहिलं तर बैल म्हणतो, "झोपूनच तर हा गोंधळ झालाय." "पहारेकऱ्याला गवत दे" तर पहारेकरी म्हणतो, "आज माझा उपास आहे."

या पहारेकऱ्याविषयी थोडं जास्त सांगायला हवं. मंकी आयलंडमध्ये तलवारबाजी आहे, पण तलवारीनं कुणी जिंकत नाही. समोरचा टोमणा मारतो, आपण त्याला फिट्ट बसणारं उत्तर द्यायचं. उत्तर बसलं तर समोरचा मागं सरकतो. सुरुवातीला आपल्याला उत्तरं येतच नाहीत, आपण हरतो, पण हरता हरता समोरच्याचे टोमणे आणि उत्तरं शिकत जातो. आणि शेवटी जी तलवारबाजीतली उस्ताद भेटते, ती पूर्वी न ऐकलेलेच टोमणे मारते! उत्तरं मात्र आपल्याला आधीच माहीत असलेलीच, कुठलं कुठं बसतं ते आपण ओळखायचं. डीएडला आपण ज्ञान, आकलन, उपयोजन असं पाठ करतो ना, त्यातलं उपयोजन ते हेच.

आणि हा सवाल-जवाब आपल्याला काही नवा आहे का? आमच्या वाळवा तालुक्यातलं रेठरे हरणाक्ष हे शाहीर पठ्ठे बापूरावांचं गाव, आणि वाटेगाव अण्णाभाऊ साठ्यांचं. तमाशाच्या फडात सवालाला जवाब देता आला नाही तर हार. कलगी-तुऱ्याची रीत हीच. मी मुलांना हे सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, आमच्या घरी लग्नात बायका उखाण्यात अशाच भांडतात.

आम्ही टोमण्यांना एक बंधन घातलं : आई-बाप, जात, रंग, घरची परिस्थिती यांवर बोलायचं नाही. बंधन घातल्यावर आधी दहा मिनिटं वर्ग गप्प बसला. यावरून आपल्या रोजच्या टोमण्यांत काय असतं ते कळलं. मग हे आलं :

पहारेकरी : तुझं डोकं म्हणजे रिकामी घागर!
बैल : म्हणूनच विहिरीवर आलोय, भरायला.

पहारेकरी : चार पाय असून गोगलगायीसारखा चालतोस!
बैल : गोगलगाय घर घेऊन चालते. तू दार सोडून चालून दाखव.

पहारेकरी : गळ्यात घुंगरं, डोक्यात काही नाही!
बैल : घुंगरं ऐकून लोक वाट सोडतात. तू कधी सोडणार?

शेवटचा त्या मुलाचा आहे. हो, त्याचाच.

सगळ्यात अवघड कोडं विहिरीच्या नावातच होतं. महालाच्या दाराला आकड्याचं कुलूप, आणि इशारा एवढाच, 'जितक्या मोटा तितका आकडा'. सगळे १२ टाकतात आणि दार उघडत नाही. कारण नाव बारा मोटांची असलं तरी तिथं एका वेळी पंधरा मोटा चालायची सोय आहे. आमच्या मुलांनी ते तिथं उभं राहून मोजलं होतं. शेजारच्या वर्गाला खेळायला दिलं तेव्हा पाचवीची मुलं इथं दोन दिवस अडकली, आणि चौथीची मुलं त्यांच्याकडं बघून जी हसत होती ते बघण्यासारखं होतं.

कागदावरचा खेळ जमला की संगणकावर न्या. त्यासाठी प्रोग्रॅमिंग येण्याची गरज नाही, आपली पीपीटी पुरते. प्रत्येक प्रसंगाचा फोटो काढून एका स्लाइडवर टाका. दारावर एक पारदर्शक चौकोन ठेवा आणि त्याला पुढच्या स्लाइडची हायपरलिंक द्या. चुकीच्या वस्तूंनाही लिंक द्या, विनोदी उत्तराच्या स्लाइडची, तिथून परत मागं. आणि एक गोष्ट विसरू नका. ट्रांझिशनमध्ये जाऊन 'ऑन माउस क्लिक' ही खूण सगळ्या स्लाइडची काढून टाका. नाहीतर मूल कुठंही टिचकी मारतं आणि खेळ आपोआप पुढं सरकतो. मी ती काढायला विसरले होते, तेव्हा आमचा बैल न बोलता पहारेकऱ्याच्या अंगावरून निघून गेला. मोठ्या वर्गांसाठी एमआयटीचं 'स्क्रॅच' आहे, २००७ पासून मोफत, इंटरनेट नसतानाही चालतं. पण ते पुढचं.

चित्रं चांगली येत नाहीत म्हणून कुणी अडून बसू नका. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून छापून यायला लागला. त्याच्या तीन-चार चौकटी मुलांना दाखवा. मागं भिंत नाही, झाड नाही, तरी चिंटू चिडलाय की लबाडी करतोय ते कळतं. भुवया आणि तोंड एवढ्यावर काम होतं. आमच्या बैलाला तर पाच भावना आहेत आणि पाचही कानांवरून ओळखायच्या. आणि आपल्या भागाला व्यंगचित्रं परकी नाहीत. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघायला लागलं, त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रं काढायचे.

आता त्या वडिलांचं. फेब्रुवारीच्या सभेत मी जुलैचं माझं बोलणं मागं घेतलं. अर्धंच घेतलं. जो खेळ संपत नाही, जो दर दोन मिनिटांनी नाणं देतो, जो थांबलं की बोलावून घेतो, तो अजूनही बंदच करा, या मताची मी आहे. पण जो खेळ अडकवून ठेवतो आणि मोठ्या माणसाला विचारायला लावतो, तो सोबत बसून खेळा. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास. पूर्ण वाक्य आल्याशिवाय टिचकी मारू नका. आणि देण्याआधी आपण स्वतः शेवटपर्यंत खेळून बघा, माझ्यासारखं करू नका.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "ते ठीक हाय बाई, पर त्याचं वाचन?" मी खोटं बोलले नाही. जोडाक्षरांना तो अजून अडखळतो. वर्गाच्या मागं आहे. फरक एवढाच सांगितला, की अडखळल्यावर तो आता वही मिटत नाही. मग मी त्यांनाच खेळायला बसवलं, कागदाच्या गेमला. पोरगा खेळवणारा आणि बाप चिठ्ठ्या लिहिणारा. वडिलांनी लिहिलं, "कुलूपला चावी लाव." पोरानं चिठ्ठी परत केली.

पुढच्या वर्षी सांगलीकडचा गेम करायचाय. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं आहेत. त्यातली बरीच २००५ च्या महापुरात गेली. बंद पेवात प्राणवायू कमी असतो, त्यामुळं उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही. आमच्या पाचवीच्या विज्ञानाला यासारखं कोडं नाही : आत जळता कंदील सोड, विझला तर उतरू नकोस. पण पेवाच्या भागांची, लिंपायच्या रीतीची, त्या कामातल्या माणसांची नावं मला माहीत नाहीत, आणि नावांशिवाय गेम होत नाही. सांगली-हरिपूर भागातल्या शिक्षकांनो, तुमच्या वर्गात एखाद्याचे आजोबा पेवात उतरलेले असतील, तर त्या मुलाला एक वही द्या आणि घरी विचारायला पाठवा. त्या वहीचा फोटो मला हवाय, खाडाखोडीसकट.